चान्सलरचे मृत्युपत्र आणि न ऐकलेली साक्ष

१ जून १८०६ रोजी, व्हर्जिनियातील रिचमंड शहरात, सुमारे ऐंशी वर्षांच्या एका न्यायाधीशाने अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत आपल्या मृत्युपत्राला शेवटची पुरवणी जोडली. मूळ मृत्युपत्र २० एप्रिल १८०३चे. त्याला १८०६च्या जानेवारीत आणि फेब्रुवारीत दोन पुरवण्या लागल्या होत्या, ही तिसरी. मजकूर थोडकाच आहे. बहिणीचा नातू जॉर्ज विथ स्वीनी याला जे जे देऊ केले होते ते सगळे रद्द. मायकेल ब्राउन याला जे दिले होते तेही आता लागू नाही, कारण तो आज सकाळी वारल्याचे मला सांगण्यात आले आहे. दोघांचाही वाटा स्वीनीच्या भावाबहिणींत सारखा वाटावा.

हा न्यायाधीश म्हणजे जॉर्ज विथ. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींच्या सह्या आहेत, त्यांत सर्वांत वरची सही त्याची. तो टॉमस जेफरसनचा गुरू होता आणि अमेरिकेतील कायद्याचा पहिला प्राध्यापक. पुढे सरन्यायाधीश झालेला जॉन मार्शल त्याच्या वर्गात बसला होता. पुरवणीवर सही केल्यानंतर सातव्या दिवशी, ८ जूनला, तो मरण पावला. विषप्रयोगाने मेला, असे त्याच्या मित्रांनी तेव्हाच लिहिले आणि पुढच्या इतिहासकारांनीही बहुतांशी तेच मानले. न्यायालयात मात्र ते सिद्ध झाले नाही.

पुरवणीतला ‘सांगण्यात आले आहे’ हा शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच घरात राहणारा, त्याच दिवशी आजारी पडलेला मुलगा गेला होता आणि म्हातारा त्याला पाहायलाही उठू शकत नव्हता, हे त्या एका शब्दप्रयोगावरून कळते. शिवाय हयातभर दिवाणी न्याय दिलेला माणूस मरणाच्या दारातही स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करतो आहे. स्वीनीचा वारसा का काढला याचे कारण पुरवणीत दिलेले नाही. आरोप नाही, विषाचा उल्लेख नाही. वारसा काढणे त्याच्या अधिकारात होते, तेवढे त्याने केले. गुन्हा ठरवणे इतरांचे काम होते.

या प्रकरणाची साधने तीन प्रकारची आहेत आणि ती एकाच तागडीत टाकून चालणार नाही. पहिली म्हणजे त्याच दिवसांतले कागद: मृत्युपत्र, विथचा शेजारी आणि मृत्युपत्राचा विश्वस्त विल्यम ड्युव्हाल याने राष्ट्राध्यक्ष जेफरसनला जून-जुलैमध्ये पाठवलेली पत्रे, शहर न्यायालयातल्या चौकशीच्या नोंदी, आणि ‘रिचमंड एन्क्वायरर’ या वृत्तपत्राचे अंक. दुसरी साधने खटल्यातल्या वकिलांची खासगी पत्रे. तिसरी म्हणजे आठवणी. जॉन डव्ह नावाच्या डॉक्टरने १८५६मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, एक टिपण सांगितले. न्याहारीच्या टेबलावरचा प्रसंग, कॉफीचे भांडे, विस्तवात टाकलेला कागद हे सगळे तपशील, जे पुढे प्रत्येक चरित्रात आले, ते मुख्यतः या टिपणातले आहेत. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. अस्सल पत्र वेगळे आणि बखर वेगळी. बखर खोटीच असते असे नाही, पण तारखा आणि माणसे ठरवायची ती पत्रांवरून. १८६५च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धाच्या शेवटी, रिचमंड जळाले आणि राज्याच्या न्यायालयांची बरीच दफ्तरे नष्ट झाली. म्हणून जे उरले आहे ते जपून वाचावे लागते.

विथचा जन्म १७२६चा, समुद्रालगतच्या एलिझाबेथ सिटी परगण्यातल्या चेस्टरव्हिल या मळ्यावर. वडील लहानपणीच गेले. आई मार्गारेट वॉकर क्वेकर वळणाच्या घरातली होती आणि तिने मुलाला लॅटिन-ग्रीकची गोडी लावली. ही गोडी शेवटपर्यंत टिकली. म्हातारपणी तो हिब्रू शिकायला बसला. १७४६मध्ये वकिलीची सनद मिळाली. पुढच्याच वर्षी ॲन लुइसशी लग्न झाले आणि वर्ष सरायच्या आत ती वारली. दुसरे लग्न एलिझाबेथ टॉलिव्हरशी. सासऱ्याने बांधलेले विल्यम्सबर्गमधले त्यांचे विटांचे घर आजही उभे आहे. १७८१मध्ये यॉर्कटाउनच्या लढाईआधी जॉर्ज वॉशिंग्टनने तिथे मुक्काम ठोकला होता.

१७५४पासून तो वसाहतीच्या विधिमंडळात होता, १७६८पासून त्या सभागृहाचा मुख्य लेखनिक. १७६२मध्ये कॉलेजातला शिक्षक विल्यम स्मॉल याने एकोणीस वर्षांच्या जेफरसनला त्याच्याकडे आणून सोडले आणि पुढची पाच वर्षे जेफरसनने त्याच्या हाताखाली कायदा वाचला. गव्हर्नर फॉकिअर, स्मॉल, विथ आणि हा तरुण, असे चौघे गव्हर्नरच्या वाड्यात जेवायला जमत. त्या जेवणांत मी जितके शिकलो तितके इतरत्र क्वचितच, असे जेफरसनने पुढे लिहून ठेवले आहे.

१७७६च्या जूनमध्ये विथ फिलाडेल्फियाहून व्हर्जिनियाला परतला होता. म्हणजे जुलैच्या ठरावाच्या दिवशी तो तिथे नव्हता. जाहीरनाम्यावरची त्याची सही नंतरची आहे, तरीही ती व्हर्जिनियाच्या यादीत सर्वांत वर आहे. सहकाऱ्यांनी वरची जागा राखून ठेवली असावी, असेच त्यावरून दिसते. त्याच वर्षी राज्याच्या नव्या मुद्रेचे काम झाले. पायाखाली जुलमी राजा पडलेला, अशी ती मुद्रा आणि तिचे श्रेय बहुधा विथला दिले जाते.

पण विथच्या चरित्रातला सर्वांत वजनदार कागद माझ्या मते १८ जून १७७९चा आहे.

स्वातंत्र्यानंतर व्हर्जिनियाने आपले सगळे कायदे नव्याने बांधायला घेतले. समितीत पाच जण होते. त्यांतला एक वारला, एकाने अंग काढून घेतले, आणि काम जेफरसन, एडमंड पेंडलटन आणि विथ या तिघांवर आले. जेफरसनच्या आत्मचरित्रात वाटणी दिली आहे: जुना सामान्य कायदा आणि पहिल्या जेम्स राजाच्या काळापर्यंतचे इंग्लिश कायदे जेफरसनकडे, त्यानंतरचे ब्रिटिश कायदे विथकडे, व्हर्जिनियाचे स्वतःचे कायदे पेंडलटनकडे. १७७९च्या फेब्रुवारीत तिघे विल्यम्सबर्गमध्ये बसले आणि एकेक वाक्य तपासत गेले. १२६ विधेयके तयार झाली. पेंडलटन दूर राहत होता, त्याने पत्राने संमती कळवली. म्हणून विधिमंडळापुढे गेलेल्या अहवालावर सह्या दोघांच्याच आहेत, जेफरसनची आणि विथची.

धार्मिक स्वातंत्र्याचे प्रसिद्ध विधेयक त्याच १२६मधले. गुलामांविषयीचे विधेयकही त्यातलेच. त्यात एक कलम असे होते की निग्रो किंवा मिश्रवंशीय व्यक्तीची साक्ष फक्त दोन ठिकाणी चालेल: सरकारने निग्रो किंवा मिश्रवंशीय व्यक्तीवर भरलेल्या खटल्यात, आणि ज्या दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंचे सगळे पक्षकार तसेच असतील तिथे. गोऱ्या माणसाविरुद्ध चालणार नाही. हे कलम समितीने शोधून काढले नव्हते. वसाहतीच्या काळात, १७३२च्या सुमारास, काळ्यांच्या साक्षीवर जी बंदी घातली गेली तिचाच हा पुढचा अवतार होता. हे विधेयक म्हणजे चालू कायद्यांचा निव्वळ गोषवारा ठेवायचा आणि क्रमाक्रमाने गुलाममुक्ती करण्याची दुरुस्ती सभागृहात ऐन वेळी मांडायची, असे आम्ही ठरवले होते, हे जेफरसनने म्हातारपणी नोंदवले आहे. ती दुरुस्ती मांडली गेलीच नाही. १७८५मध्ये विधेयक मंजूर झाले आणि साक्षीचे कलम कायद्यात कायम राहिले.

मसुद्याचा तो भाग विथच्या वाट्याचा नव्हता, हे खरे. पण वाक्यन् वाक्य तपासताना तो हजर होता आणि खाली सही त्याची आहे. त्याच्या चरित्रकारांनी जाहीरनाम्यावरच्या सहीविषयी पानेच्या पाने लिहिली आहेत, या सहीविषयी फार थोडे. मला दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात, कारण विथला दोन्ही ठाऊक होत्या आणि पुढची पंचवीस वर्षे न्यायासनावर बसून तो या दोन कागदांच्या मधल्या जागेत वाट काढत होता.

त्याच १७७९मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात कायदा आणि शासनशास्त्राचे अध्यासन निघाले आणि विथ त्याचा पहिला प्राध्यापक झाला. राजधानी रिचमंडला हलल्यावर विल्यम्सबर्गमधली विधानभवनाची इमारत रिकामी झाली होती. विथ तिथे विद्यार्थ्यांकडून नमुन्याची न्यायालये आणि नमुन्याच्या विधानसभा चालवून घेई. जुलै १७८०च्या एका पत्रात जेफरसनने मॅडिसनला हे मोठ्या कौतुकाने कळवले आहे. मार्शल त्या वर्षी काही आठवडे तिथे होता आणि त्याच्या हातची टिपणवही अजून जपलेली आहे. पुढे अपील न्यायालयात बसलेले स्पेन्सर रोन आणि सेंट जॉर्ज टकर हेही विथचेच विद्यार्थी. त्यांची नावे ध्यानात ठेवावीत, ती पुन्हा येणार आहेत.

न्यायाधीश म्हणून १७८२चे केटन प्रकरण त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. विधिमंडळाने घटनेची मर्यादा ओलांडली तर मी त्याला घटनेकडे बोट दाखवून थांबवीन, अशा अर्थाचे बाणेदार उद्गार त्याने त्या निकालात काढल्याचे सांगतात. इथे सावध राहावे. ते उद्गार ज्या अहवालात आहेत तो छापला गेला अनेक दशकांनी, मार्शलने सर्वोच्च न्यायालयात तेच तत्त्व प्रस्थापित केल्यानंतर. आशय विथचा असणे पूर्ण शक्य आहे, शब्दांची शैली संपादकाची असू शकते.

१७८७च्या घटनापरिषदेत तो कामकाजाच्या नियमांच्या समितीचा अध्यक्ष होता, पण पत्नी आजारी असल्याने जूनच्या पहिल्या आठवड्यातच फिलाडेल्फिया सोडून घरी आला. ऑगस्टमध्ये ती गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाच्या मंजुरी परिषदेत घटना स्वीकारण्याचा ठराव त्याने मांडला आणि ८९ विरुद्ध ७९ मतांनी तो मंजूर झाला.

पत्नीच्या मृत्यूनंतरचे व्यवहार बारकाईने पाहण्यासारखे आहेत. विथ मळेवाल्याच्या घरात जन्मलेला, गुलामांचा मालक होता. १७८२च्या कायद्याने खासगी मालकाला गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली होती. त्याने काहींना मुक्तिपत्रे लिहून दिली. त्यांत स्वयंपाकघर सांभाळणारी लिडिया ब्रॉडनॅक्स होती, १७८७मध्ये. बेंजामिन नावाच्या आणखी एका गुलामाला मुक्ती मिळाली त्यानंतर दहा वर्षांनी. मात्र बरेच गुलाम पत्नीच्या माहेरच्या नातलगांकडे गेले आणि ते गुलामच राहिले. त्याला गुलामगिरीचा निर्भेळ शत्रू म्हणून रंगवणाऱ्यांनी ही नोंद वगळू नये.

१७९१मध्ये तो रिचमंडला, शॉको टेकडीवरच्या घरात राहायला गेला. आता तो राज्याचा एकमेव चान्सलर होता. कायद्याच्या काटेकोर शब्दांपलीकडे न्यायबुद्धीने दाद देणाऱ्या चॅन्सरी न्यायालयाचा प्रमुख. लिडिया मजुरीवर त्याच्याकडे काम करत राहिली. संधिवाताने हात आखडल्यामुळे लिहायला त्याने एक पोरगा ठेवला, त्याचे नाव हेन्री क्ले. पुढे अमेरिकेच्या राजकारणात अर्धे शतक गाजलेल्या क्लेने १८५१मध्ये एका पत्रात आठवण लिहिली आहे: मला ग्रीक येत नव्हते आणि चान्सलर निकालांत ग्रीक उतारे घालायचे, तेव्हा मी एकेक अक्षर चित्रासारखे उतरवून काढत असे.

अपील न्यायालयाचा प्रमुख होता पेंडलटन, कायदे बांधतानाचा जुना सहकारी आणि वकिलीतला त्याहून जुना प्रतिस्पर्धी. विथचे निकाल तिथे वारंवार फिरवले जात. १७९५मध्ये विथने आपले निकाल पुस्तकरूपाने छापले आणि ते फिरवणाऱ्यांचे युक्तिवाद त्याच पुस्तकात खोडून काढले. पदावर असलेल्या न्यायाधीशाने वरिष्ठ न्यायालयाला छापील उत्तर देणे ही साधी गोष्ट नव्हती.

प्लेझंट्स कुटुंबाच्या खटल्यात हीच ओढाताण दिसते. जॉन प्लेझंट्स या क्वेकराने मृत्युपत्रात लिहिले होते की कायदा परवानगी देईल तेव्हा माझे गुलाम मुक्त व्हावेत. कायदा आला, वारस मुक्त करीनात. चारशेहून अधिक माणसांचा प्रश्न होता. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत मार्शल होता. विथने त्यांना मुक्त ठरवलेच, शिवाय अडवून ठेवलेल्या काळातल्या त्यांच्या श्रमाचा मोबदलाही देण्याचा हुकूम केला. १७९९मध्ये अपील न्यायालयाने मुक्ती कायम ठेवली आणि मोबदला काढून टाकला.

दुसरा खटला राइट कुटुंबाचा. जॅकी राइट आणि तिची मुले हौल्डर हजिन्स नावाच्या मालकाच्या ताब्यात होती आणि तो त्यांना राज्याबाहेर नेऊ पाहत होता. आपण एका इंडियन स्त्रीच्या वंशातल्या आहोत, म्हणून गुलाम ठरत नाही, असा त्यांचा दावा. विथने त्यांना मुक्त ठरवले आणि कारण दिले ते व्हर्जिनियाच्या हक्कांच्या घोषणेचे पहिले कलम: स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, तेव्हा कोणाला गुलाम म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर. गुलामांच्या राज्यातल्या एका न्यायाधीशाने हे वाक्य निकालपत्रात घातले. हे अपीलही चालू होते, तेवढ्यात त्याच्या घरात ती न्याहारी झाली.

घरात तेव्हा चौघे होते: विथ, लिडिया, मायकेल ब्राउन आणि स्वीनी. मायकेल हा मिश्रवंशीय, मुक्त मुलगा. विथ त्याला स्वतः लॅटिन-ग्रीक शिकवत होता. तो विथचाच मुलगा असल्याची वदंता पुढे पसरली, पण त्या काळातल्या कागदांत तिला आधार नाही. १८०३च्या मृत्युपत्राने घर आणि बँकेतल्या शेअरांचे उत्पन्न लिडिया, बेंजामिन आणि मायकेल यांच्या निर्वाहासाठी राखले होते, उरलेले स्वीनीला. बेंजामिन वारल्यावर १८०६च्या पुरवण्यांनी शेअरांचा अर्धा हिस्सा मायकेलला दिला आणि त्याच्या शिक्षणाची काळजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने घ्यावी अशी विनंती केली. मायकेल सज्ञान होण्याआधी वारला तर त्याचा वाटा स्वीनीकडे जायचा. सरकार पक्षाने पुढे खुनाचा हेतू शोधला तो याच वाक्यात.

२५ मे १८०६, रविवार. सकाळच्या कॉफीनंतर विथ, लिडिया आणि मायकेल तिघेही उलट्या आणि पोटातल्या कळांनी कोसळले. स्वीनीला काही झाले नाही. मंगळवारी, २७ तारखेला, बँक ऑफ व्हर्जिनियात विथच्या नावाचा शंभर डॉलरचा चेक वटवताना तो पकडला गेला. सही बनावट होती. मग आणखीही बनावट चेक उघडकीला आले. म्हणजे तुरुंगात तो आधी गेला तो बनावट सहीच्या गुन्ह्याखाली, विषाचा संशय पक्का झाला तो त्यानंतर. तुरुंगाच्या भिंतीलगतच्या बागेत आर्सेनिकची कागदी पुडी मिळाली. ती सापडली तुरुंगाधिकाऱ्याच्या घरातल्या एका काळ्या मुलीला.

१ जूनला मायकेल गेला आणि विथने एडमंड रँडॉल्फला बोलावून पुरवणी लिहून घेतली. रँडॉल्फ म्हणजे वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातला पहिला ॲटर्नी जनरल. ८ जूनला विथ गेला. ड्युव्हालने त्याच दिवशी जेफरसनला पत्र लिहिले. जेफरसनचे १४ जूनचे उत्तर उपलब्ध आहे: आपला सर्वांत जुना आणि उत्तम मित्र गेल्याचे दुःख आणि मायकेलला आपण आनंदाने सांभाळले असते हा शब्द. राष्ट्राध्यक्षाने तो मुलगा आपल्या देखरेखीखाली घेतला असता तर काय झाले असते, हा विचार वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही; पण पत्र पोचायच्या आधीच मायकेलला पुरले होते.

जूनमध्ये शहर न्यायालयापुढे चौकशी झाली आणि स्वीनीला दोन खुनांच्या आरोपावरून वरच्या न्यायालयाकडे पाठवण्यात आले. बचावाचे वकील होते विल्यम वर्ट आणि तोच एडमंड रँडॉल्फ, ज्याने तीन महिन्यांपूर्वी मरणाऱ्याच्या उशाशी बसून या आरोपीचा वारसा काढणारी पुरवणी लिहिली होती. वर्टने पत्नीला पत्र लिहून विचारले आहे की अशा माणसाचा बचाव पत्करावा का. आपल्या नावाला बट्टा लागेल ही धास्ती त्यात उघड आहे.

२ सप्टेंबरला खटला चालला. डॉक्टर मॅक्लर्ग, मॅकॉ आणि फौशी हे शहरातले नामांकित वैद्य होते. शवविच्छेदनात जठराचा दाह आढळला, पण तो आर्सेनिकचाच की तीव्र पित्तविकाराचाही असू शकतो, हे त्यांनी ठामपणे सांगितले नाही. शरीरातले सूक्ष्म आर्सेनिक पकडणारी जेम्स मार्शची चाचणी यायला अजून तीस वर्षे होती. ज्युरीने थोड्याच वेळात निर्दोष ठरवले. मायकेलच्या खुनाचा आरोप त्यानंतर सोडून देण्यात आला. बनावट सह्यांबद्दल दोषी ठरूनही स्वीनी सुटला, कारण कायदा बँक निघण्याआधीचा होता आणि त्याच्या शब्दांत बँकेची फसवणूक बसत नव्हती. तो व्हर्जिनिया सोडून पश्चिमेकडे गेला.

९ सप्टेंबरच्या ‘एन्क्वायरर’मध्ये या निकालाची बातमी आहे आणि तिच्यात निकालाचे मर्म आहे. आधीच्या चौकशीत आणि महाज्युरीपुढे आलेला काही सर्वांत भक्कम पुरावा निकालाच्या ज्युरीपुढे ठेवता आला नाही, असे वृत्तपत्र सांगते. कारण तो निग्रोंच्या सांगण्यावर आधारलेला होता आणि आपला कायदा तो गोऱ्या माणसाविरुद्ध चालू देत नाही.

हा कायदा म्हणजे १७७९च्या अहवालातले तेच कलम.

लिडियाला बोलू दिले असते तर ज्युरीने फाशीच दिली असती, असे मी म्हणणार नाही. वैद्यांची अनिश्चिती खरी होती आणि स्वयंपाकिणीवरच संशय ढकलण्याचा प्रयत्न बचावाने नक्की केला असता. पण स्वयंपाकघरात काय घडले हे जाणणारी, त्याच भांड्यातली कॉफी पिऊन वाचलेली एकच व्यक्ती हयात होती. कॉफी कोणी ओतली, टेबलाजवळ कोण आले, कोण आधी उठून गेले, हे विचारायचे तर तिलाच. ते प्रश्न त्या दालनात विचारलेच गेले नाहीत.

नोव्हेंबर १८०६मध्ये राइट कुटुंबाच्या अपिलाचा निकाल लागला. टकर आणि रोन, दोघेही विथचे विद्यार्थी, न्यायपीठावर होते. राइट कुटुंब मुक्तच राहिले. दिसण्यावरून गोऱ्या किंवा इंडियन माणसाला मुक्त धरायचे आणि उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकायचा, इतके त्यांनी मान्य केले. पण हक्कांच्या घोषणेचा आधार न्यायपीठाने स्पष्ट शब्दांत नाकारला: ते कलम स्वतंत्र नागरिकांपुरते आहे, आफ्रिकी वंशाच्या माणसांना ते लागू नाही. हा निकाल ज्या अहवालग्रंथात छापला गेला त्याचा एक संपादक विल्यम मनफर्ड. तो तरुणपणी विथच्याच घरात राहून शिकला होता आणि ९ जूनला विथच्या अंत्यविधीत भाषण त्यानेच केले होते. म्हणजे गुरूचे तत्त्व फेटाळले त्याच्या विद्यार्थ्यांनी, आणि नोंदवून ठेवले तेही एका विद्यार्थ्यानेच. मनफर्डने ते प्रामाणिकपणे नोंदवले म्हणून विथचा मूळ युक्तिवाद आपल्यापर्यंत पोचला. चॅन्सरीचे दफ्तर जळाल्यावर तो दुसरीकडे कुठे शोधावा लागला असता कोण जाणे.

लिडिया ब्रॉडनॅक्सचे एक पत्र आहे, ९ एप्रिल १८०७चे, जेफरसनला लिहिलेले. दृष्टी जवळजवळ गेली आहे, वय झाले आहे, तब्येत ढासळली आहे, रोजचे अन्न मिळवणेही कठीण झाले आहे, असे ती कळवते; आणि या अवस्थेचे मूळ ती त्या विषाकडे नेते, ज्याने तिचा जुना मालक गेला. पत्र मदतीसाठी आहे. जेफरसनने पन्नास डॉलर पाठवण्याची व्यवस्था केली. खटल्याच्या अभ्यासकांनी या पत्राकडे बहुधा दानधर्माचा तपशील म्हणून पाहिले आहे. माझ्या दृष्टीने ते या प्रकरणातले पहिल्या प्रतीचे साधन आहे: विष पोटात गेलेल्या तिघांपैकी जिवंत राहिलेल्या एकमेव व्यक्तीचे, घटनेनंतर वर्ष उलटण्याच्या आत, तिच्या स्वतःच्या नावाने केलेले निवेदन. डव्हच्या टिपणापेक्षा ते एकोणपन्नास वर्षांनी जुने आहे. २५ मेच्या सकाळी काय झाले हे मांडताना त्याला डव्हच्या आधीची जागा मिळाली पाहिजे.